रिकाम्या डब्याचे वजन

गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत सासऱ्यांचे नाव पडलेले सूनबाई रोज पाहत असे. कधी ओले, कधी चुरगळलेले, कधी माश्यांनी वेढलेले. त्यांच्या चहा-कॉफीच्या दुकानातल्या प्रत्येक पुडीवर ते छापलेले असे. घरी पोचताच माल डब्यात रिता होई आणि घटकाभराची सोबत करून कागद उकिरड्याला लागे.

"आजपासून गिऱ्हाइकांनीच डबे आणायचे," तिने सकाळी सांगून टाकले.

सासऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. पुडी बांधण्यात त्यांचा हातखंडा होता. दोरा न लावताही त्यांच्या पुडीतून कणभर पूड सांडत नसे.

"करून बघ. पण एक जरी जुनं गिऱ्हाईक दुखावलं, तर कागद परत आलाच म्हणून समज. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"कबूल, बाबा."

दारावरची पाटी वाचून, घरून डबा घेऊन पहिल्याच आल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सारी गल्ली त्यांना मोठ्या बाई म्हणे, आणि त्यांच्यासमोर अजूनही सरळ उभी राही. अर्धा किलो चहा सांगून त्यांनी जाड पितळेचा डबा ठेवला आणि त्या भाजीला गेल्या. एवढ्या मानाचे गिऱ्हाईक, म्हणून सासऱ्यांनी त्यांच्यामागे स्वतःच तोलून ठेवले; बाई परतल्यावर डबा हाती दिला तो सूनबाईने.

संध्याकाळी ऐन गर्दीत मोठ्या बाईंनी तोच डबा काउंटरवर आदळला.

"अर्धा किलो म्हणालात, आणि घरच्या काट्यावर पाव किलोसुद्धा भरेना! सूनबाई, कागद वाचवतेस की चहा?"

"डबाही उकळून बघा, बाई!" मागून कोणीतरी पुस्ती जोडली. दुकान हसले.

चूक कुठे झाली ते सूनबाईला तत्क्षणी उमगले. उभा जन्म सासऱ्यांचा हात माल कागदासकट तोलत आला होता. कागदाला वजन असते, हे त्या हाताने कधी मानलेच नव्हते. त्याच सवयीने पितळही चहाच्या भावाने विकले गेले.

'मी तोललंच नव्हतं,' एवढे म्हटले की तिची सुटका होती. तिने सासऱ्यांकडे पाहिले. ते स्वच्छ काउंटर पुन्हा पुन्हा पुसत होते.

"चूक दुकानाची आहे, मोठ्या बाई. तुमच्यासमोरच दुरुस्त करते."

तिने चहा परातीत ओतला, रिकामा डबा सर्वांना आकडा दिसेल असा काट्यावर ठेवला, तेवढे वजन वजा केले आणि डबा नव्याने भरला.

"ते झालं. पण सकाळी तोललं होतं कोणी?" बाईंनी वर्गात विचारावे तसे विचारले.

"मी," सासरे म्हणाले. "हिचा काही दोष नाही."

"मग इतका वेळ मला हिच्यावर ओरडू का दिलंत?"

"तुम्ही तास सुरू केल्यावर मध्ये बोलायची कोणाची छाती आहे?"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. डबा उचलून त्या निघून गेल्या. दुखावल्या की निवळल्या, कोणालाच कळले नाही.

"बाबा, अट मोडली," सूनबाई शांतपणे म्हणाली. "कागद परत काढू?"

रांगेतला सुतार काचेची बरणी पुढे करत होता. सूनबाईच्या आधी सासऱ्यांचा हात पुढे झाला.

"झाकणही द्या हो," ते सुताराला म्हणाले, "त्याचंही वजन धरावं लागतं."