माझ्या बरगड्या आणि सुचित्राबाईंचा शिरा

मित्रांनो, मी एक निवृत्त धावपटू आहे. चार पायांची. नाव रीम. अरबीत रीम म्हणजे हरिणी. जात सलुकी, म्हणजे तुमच्या त्या ग्रेहाउंडची वाळवंटातली चुलत बहीण समजा. लांब नाक, लांब पाय, पोट आत गेलेलं आणि बरगड्या लांबून मोजता याव्यात अशा. या बरगड्यांवरूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

माझा जन्म दोह्याबाहेर एका इज्बेत झाला. इज्बा म्हणजे वाळवंटातली उंट-शेळ्यांची वाडी. तिथे आम्हा कुत्र्यांना बशीरचाचा सांभाळायचे. पहाटे ते आम्हाला पळवायचे, मग पाय चोळून द्यायचे. हिवाळ्यात शर्यती लागायच्या. पुढे गाडीला बांधलेलं खोटं सावज, मागे आम्ही आणि बाजूने धुरळा उडवत मालकांच्या गाड्या. त्या सावजात जीव नाही, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. पण पळायची खुमखुमीच अशी की म्हटलं, असू दे! "यल्ला, रीम, यल्ला!" म्हणजे चल, पळ, असं चाचा ओरडायचे आणि मी वाऱ्याला मागे टाकायचे. जिंकले की मालक स्वतः माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार गर्व चढला होता.

मग एका शर्यतीत मागच्या मांडीचा स्नायू फाटला. पाय बरा झाला, वेग मात्र गेला तो गेलाच. नव्या तरण्या कुत्र्या आल्या आणि माझी जागा कोपऱ्यात गेली. मालक वाईट नव्हते हो, पण पळणाऱ्याकडे सगळे बघतात, बसलेल्याकडे कोण बघतो? एक दिवस चाचांनी मला गाडीत घातलं आणि सोडून दिलेल्या प्राण्यांच्या आश्रमात आणून सोडलं. निघताना त्यांनी माझे पाय एकदा शेवटचे चोळले. मग नाक पुसत गेले.

आश्रमाचं काम अलिना मॅडम बघायच्या. त्यांनीच मला दोह्याच्या मुऐदर भागातल्या एका घरी आणलं. घर नाशिकच्या माणसांचं. विजयसाहेब गॅस प्लांटवर इंजिनिअर, त्यांची शाळकरी मुलगी चैत्राली आणि चैत्रालीची आई सुचित्राबाई. कुत्रं हवं होतं चैत्रालीला. सुचित्राबाईंना अजिबात नको होतं.

अलिना मॅडमनी दारातच बजावलं, "एक महीना ट्रायल. खाना सिर्फ़ यही, जो मैं दे रही हूँ. घर का कुछ नहीं. नहीं तो मैं इसे वापस ले जाऊँगी."

"वापस ही ले जाना है तो लाया कायको?" सुचित्राबाई पुटपुटल्या.

आता माझी फजिती ऐका. मी जन्मात जिना पाहिला नव्हता. काचेचं दार असतं हेही ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाक शेकून निघालं. गुळगुळीत फरशीवर चारी पाय चार दिशांना जायचे. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला आणि मी थेट सोफ्यामागे!

"आई, शी इज स्केअर्ड!" चैत्राली म्हणाली. आई मराठीत बोलणार आणि लेक इंग्रजीत उत्तर देणार, अशी त्या घरची रीत.

"अगं मग मी काय करू? मीही तिला घाबरलेय!"

शर्यतीतली कुत्री म्हणून सगळ्यांना वाटलं होतं, ही घरभर धुमाकूळ घालणार. अहो, आमची जात महाआळशी! दोन वेळा फिरून आलं की दिवसभर लोळायचं. पण अंगावर मांस नाही, त्यामुळे फरशी हाडांना टोचते. मी सारखी कूस बदलत होते, ते सुचित्राबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या साड्या दुमडल्या, टाके घातले आणि माझ्यापुढे एक जाडजूड गोधडी टाकली. "लोळ मेले," एवढंच म्हणाल्या. मित्रांनो, मी त्याच दिवशी त्यांची झाले.

मग एका संध्याकाळी शेजारच्या हजराबाई भेटल्या. माझ्याकडे बघून त्या हळहळल्या, "भाभी, बेचारी को खाना नहीं देते क्या? पूरी हड्डियाँ दिख रही हैं!"

झालं! ज्या बाईच्या घरातून पाहुणा पोटभर जेवल्याशिवाय हलत नाही, तिला असं म्हणायचं? आमची हाडं दिसायचीच असतात, पण हे त्या दोघींना कोण सांगणार? सुचित्राबाई रात्रभर तळमळल्या असाव्यात. सकाळी लेक शाळेत आणि साहेब प्लांटवर गेल्यावर त्यांनी मला गुपचूप हाक मारली. "रीमाबाई, या इकडे." अर्धी पोळी, त्यावर तुपाची धार! दुसऱ्या दिवशी सायीचं दूध. मी कसली नाही म्हणते! आमचं ते गुपित मला फार आवडायचं. मी जवळ गेले की त्यांच्या पायांना अंग टेकून उभी राहायचे आणि त्या म्हणायच्या, "बस बस, पाडशील मला."

महिना संपत आला आणि एका शुक्रवारी घरी सत्यनारायण झाला. बेदाणे घालून केलेल्या शिऱ्याचा वास घरभर सुटला होता. पाहुणे गेल्यावर सुचित्राबाई वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. "प्रसादाला नाही म्हणू नये. तूही घरचीच आहेस आता," असं म्हणत त्यांनी वर आणखी मूठभर बेदाणे घातले. मी वाटी चाटून लख्ख केली.

त्याच रात्री मला उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत चार झाल्या. पाय उचलेना, पाणी नकोसं झालं. साहेबांनी अलिना मॅडमना फोन केला आणि सगळे मला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात धावले.

डॉक्टर मराठीच निघाले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काही वेगळं खाण्यात आलं का?"

"नो, ओन्ली हर फूड! वी आर सो केअरफुल!" चैत्राली रडत म्हणाली.

"डॉक्टर, बाहेरचा एक कणही नाही. आय कॅन गॅरंटी," साहेबांनी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, मग काही संसर्ग असेल, औषध देतो, घरी नेऊन बघा.

मित्रांनो, मला ठाऊक होतं मी काय खाल्लं ते. तोंड होतं, जीभ होती, पण सांगता येत नव्हतं. ते ठाऊक असलेलं दुसरं माणूस माझ्या डोक्याशी उभं होतं. सुचित्राबाईंचा हात माझ्या मानेवर होता. समोर अलिना मॅडम उभ्या होत्या. खरं बोललं तर मी त्यांच्या घरातून जाणार, हे त्यांना माहीत होतं. गप्प राहिलं तर काय होणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी दिलं. काल शिरा दिला. बेदाणे होते त्यात, वरून आणखी घातले. रोजच देत होते काहीबाही. यांना कुणाला माहीत नाही."

"आई!" चैत्राली किंचाळली. या वेळी पुढचं इंग्रजी तिला सुचलंच नाही.

बेदाणे म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी हातातलं औषध खाली ठेवलं. बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, असं सांगून त्यांनी लगेच मला सलाईन लावलं. दोन दिवस मी तिथेच होते. सुचित्राबाई दोन्ही दिवस खुर्चीत बसून होत्या. घरचा डबा आला, तो त्यांनी उघडलासुद्धा नाही.

मला घरी आणलं तेव्हा अलिना मॅडमही आल्या. सुचित्राबाईंनी माझा पट्टा, भांडं आणि घडी घातलेली गोधडी दाराशी आणून ठेवली. डोळे गळत होते, पण आवाज ठाम होता. "ले जाइए इसको. मेरे हाथ से मरती थी ये. मला नाही जमणार."

अलिना मॅडमनी गोधडी उचलली, आत नेली आणि सोफ्याशेजारी अंथरली. म्हणाल्या, "भाभी, ग़लत खिलाने वाले मैंने बहुत देखे हैं. डॉक्टर के सामने सब चुप हो जाते हैं, और जानवर मर जाता है. आप बोलीं, इसलिए ये ज़िंदा है. ये कहीं नहीं जाएगी."

सुचित्राबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि मला पोटाशी धरून हमसून हमसून रडल्या. माझं लांब नाक त्यांच्या खांद्यावर नीट मावलं.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आम्हाला काय चालतं आणि काय नाही, ते आधी विचारा. तरीही चूक झालीच, तर लपवू नका. आम्हाला वाचा नाही. आमच्या वतीने कुणीतरी खरं बोलावं लागतं, मग त्यात त्याचं स्वतःचं नुकसान का होईना. मला असं माणूस मिळालं, म्हणून ही गोष्ट सांगायला मी उरले.