मागाच्या खोलीची खिडकी

मित्रांनो, माझ्याजवळ येताना नाकाला रुमाल लावा. मी मिरची कांडायची जुनी मशीन आहे. बारा वर्षांपासून बंद आहे, तरी माझ्या पोटातली पूड अजून जिवंत आहे.

१९७१ साली नागपुरातल्या शालिकराम नावाच्या विणकराने मला घरी आणले. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. माग मोडून तो दुसरा धंदा शोधत होता. सुताचे व्यापारी गुलाबचंद म्हणाले, सायकली भाड्याने दे, बसून खाशील. शेजारी म्हणाले, पानठेला टाक. त्याने मला निवडले. लोकांना वाटले, याला भिवापुरी मिरचीत नफा दिसला.

खरे कारण मी ऐकले आहे. त्याची बायको जनाबाई लोकांची मिरची उखळात कांडायची. कांडून झाले की जळणारे हात ताकात बुडवून बसायची. मला बसवताना तो तिला म्हणाला, "आता तुह्या हाताले मिरची लागू नाही देत वं."

तो शब्द त्याने पाळला. ती सुपाने मिरची माझ्या तोंडात टाकी.

पण त्याने मला मागाच्या खोलीत बसवले होते. तिथल्या एकुलत्या खिडकीवर त्याच्या बापाच्या काळापासून पोते ठोकलेले होते. कोरडा वारा लागला की सूत तुटते, म्हणून विणकर खोली बंद ठेवतात.

उन्हाळ्यात बायांची रांग दारापर्यंत लागे. पूड बारीक येते म्हणून त्या माझे कौतुक करत. मी फुगून जाई. पहिल्या वर्षी जनाबाई नुसती शिंकत होती. दुसऱ्या वर्षी खोकू लागली. तिसऱ्या वर्षी तोंडावर पदराच्या चार घड्या बांधूनही तिला धड श्वास घेता येईना.

"अवो, ते पोतं काढा नं," ती एकदा म्हणाली.

"मागाच्या खोलीची खिडकी उघडत नसतात."

ती हसली. "माग कुठी हाय आता? मिरची का तुटून राहिली हवेनं?"

तोही हसला. पोते तसेच राहिले. माझ्या घरघरीत तिचा खोकला त्याला ऐकू येत नव्हता. मला येत होता.

चौथ्या उन्हाळ्यात तो खोकला थांबला. तेरावे झाल्यावर शालिकरामने पोते फाडले. वारा आत आला, माझ्यावरची पूड उडाली, आणि तो एकटाच खोकत राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे की शेवटी तिचे हात अगदी मऊ झाले होते.

मित्रांनो, कोणाच्या सुखासाठी धंदा काढाल, तर ते माणूस त्यात उभे कुठे राहणार, तेवढे आधी पाहा. आणि त्याने एकदा खिडकी उघडा म्हटले, तर हातातले काम टाकून उठा.