न मागता काढलेले सेल

गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचं औषध काउंटरवर हजर असायचं, म्हणून त्या दुकानदारांना सगळे ताबडतोबकाका म्हणत. काकांना हे नाव इतकं मानवलं होतं की पाटीवरचं खरं नाव उडून गेलं तरी त्यांनी ते पुन्हा रंगवून घेतलं नव्हतं.

त्यांची पद्धत साधी होती. दुकानाच्या काचेतून समोरचा रस्ता दिसायचा. कोणी कंबर धरून येताना दिसलं की मलम बाहेर, कोणी शिंकत आलं की गोळ्या बाहेर. अंदाज चुकला तर वस्तू मुकाट्याने बाजूला सारायची, की झालं. गिऱ्हाइकाला तोंड उघडायला लावणं म्हणजे दुकानदाराचा आळस, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशा माणसाच्या वाट्याला जावई आला तो कॉम्प्युटरवाला, आणि एक वाक्य बोलायला तीनदा विचार करणारा. रविवारी तो दुकानातला कॉम्प्युटर तपासायला बसला आणि म्हणाला की आतल्या चिपमध्येच खोट आहे, दुरुस्तीचा अपडेट टाकावा लागेल, आणि त्याने मशीन जरा हळू होईल. खोट हा शब्द काकांनी सोडून दिला. हळू हा शब्द मात्र त्यांना झोंबला. माझ्या दुकानात हळू काही चालणार नाही, असं त्यांनी बजावलं.

जावयाने समजावून पाहिलं. चिप पुढचं काम कोणतं येईल याचा अंदाज बांधते आणि कोणी सांगायच्या आत ते करून ठेवते. अंदाज चुकला तर केलेलं टाकून देते.

"मग शहाणीच आहे की," काका म्हणाले.

"टाकून देते बाबा, पण माग राहतो. त्या कामासाठी काढलेली माहिती हाताशीच पडून असते. हाताशी असलेली वस्तू पटकन मिळते, आतली उशिरा. त्याच मशीनवर एखादा चोर प्रोग्राम चालू असेल, तर तो नुसता वेळ मोजतो आणि आत काय होतं ते ओळखतो. कपाट फोडायची गरजच नाही."

या कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या वस्तीची दुखणी नोंदलेली आहेत, आणि त्याच्याच शेजारी तुम्ही कुठून कुठून उतरवलेले पत्त्यांचे खेळ खेळता, हेही त्याने नम्रपणे सांगितलं. काकांना हे सगळं वैयक्तिक वाटलं. आयुष्यभर जे केलं त्याला पोरगा खोट म्हणतो म्हणजे काय? अपडेट राहिला आणि जावई जेवून घरी गेला.

काकांचे जुने मित्र होते गाण्याचे मास्तर. गावातल्या गायकवृंदाला ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. हल्ली त्यांना ऐकू कमी यायचं. केस वाढवून त्याखाली त्यांनी कानाचं बारीक मशीन लपवलं होतं, आणि ही गोष्ट एकट्या काकांना ठाऊक होती, कारण त्या मशीनचे सेल तेच देत. वृंदाच्या समितीला कळलं तर वृंदाला ताल दाखवायची हातातली छडी जाईल, या धास्तीने मास्तरांची झोप उडाली होती. गाण्याशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं. काकांनी त्यांना शब्द दिला होता आणि तो बायकोसमोरसुद्धा पाळला होता.

सोमवारी मास्तर रस्त्यापलीकडे दिसले. काकांनी सवयीने खण ओढला आणि सेलचं पाकीट काउंटरवर ठेवलं. वाटाण्याएवढे सेल, प्रत्येकावर नारिंगी चिकटपट्टी. मास्तर आत आले तर खोकल्याचं औषध घ्यायला वृंदाच्या चिटणीसबाई आधीच उभ्या. मास्तरांनी एक नजर त्यांच्याकडे टाकली आणि खड्या आवाजात घशाच्या गोळ्या मागितल्या. काकांनी गोळ्या दिल्या आणि पाकीट हळूच बाजूला सरकवलं. एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही. आपण वेळ मारून नेली, याचं काकांना दिवसभर कौतुक वाटत राहिलं.

बुधवारी मास्तर लालबुंद होऊन आले. तालमीला चिटणीसबाई मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे चांगल्या कानाच्या बाजूला येऊन बसल्या होत्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या.

"तू सांगितलंस," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं."

काकांनी आणाभाका घेतल्या. मास्तरांनी त्या नीट ऐकल्या की नाही कोण जाणे, कारण ते मशीन काढून आले होते. गेले ते पायरीवर न थांबता गेले. जन्मभराची मैत्री, आणि न केलेल्या गुन्ह्यापायी जायची वेळ आली होती.

रात्री त्यांनी जावयाला फोन करून सगळं सांगितलं. मी तोंडातून अक्षर काढलं नाही, त्याने मागितलं नाही, मी दिलं नाही, मग बाईंना कळलं कसं? पलीकडून खोकल्यासारखा आवाज येत राहिला. जावई हसू दाबतो आहे, हे काकांना उशिरा कळलं.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "त्यांनी मागितलं नाही, पण तुम्ही काढलं होतं ना?"

एवढ्या वर्षांत कोणाकोणासमोर काय काय काढलं आणि बाजूला सारलं, ते आठवत ते अंथरुणात बसून राहिले. केस काळे करायची बाटली आठवली आणि त्यांनी उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी जावयाने अपडेट टाकला आणि पत्त्यांचे खेळही काढून टाकले. कॉम्प्युटर हळू झाला आणि काकाही. हात मागे बांधून ते उभे राहत आणि काय देऊ, असं विचारत. लोक चक्रावले. काकांची तब्येत बिघडली म्हणून दोघीतिघी काकूंना भेटून गेल्या. काकांचे हात शिवशिवायचे, पण त्यांनी जिवावर उदार होऊन ते मागेच ठेवले.

शनिवारी दुपारी, दुकान रिकामं बघून, चिटणीसबाई आल्या. काकांना त्यांचा संताप आला होता, तरी ते थांबले. बाईंनी टूथब्रश पाहिले, वजनकाट्यावर चढून उतरल्या, दारातून दोन्हीकडे बघून घेतलं.

"काका, तुम्ही हल्ली आधीच काही काढून ठेवत नाही म्हणे."

"नाही. आपण सांगाल तेच."

बाईंनी आवाज खाली आणला. "मग कानाच्या मशीनचे सेल द्या. नारिंगी पट्टीचे."

काकांचा हात खणापर्यंत जाऊन थबकला.

"सहा वर्षं मी हे दुसऱ्या गावाहून आणते," बाई म्हणाल्या. "दोन बस बदलून. इथे आले असते तर मी दारात यायच्या आत तुम्ही ते सगळ्यांसमोर मांडले असते. मास्तरांना म्हणून तर मी जपते आहे. त्यांचं काय होतं ते मला कळतं. पण माझं त्यांना सांगू नका. तोंडाळपणा चालेल, बहिरेपणा नको, अशी आमची समिती आहे."

सेल कागदी पिशवीत गेले. आपलं दुकान सगळ्यात झटपट, या अभिमानापायी एक बाई सहा वर्षं दोन बस बदलत होती, हे काकांना फार लागलं. आणखी कोण कोण कुठे जात असेल, याचा विचार करायचीही त्यांना हिंमत होईना.

संध्याकाळी मास्तर आले. चेहरा उतरलेला होता, पण राग ओसरला होता. कानाची गोष्ट त्यांनी स्वतःच समितीला सांगून टाकली होती; समितीने छडी त्यांच्याकडेच ठेवली, आणि त्यांच्या बाजूने सगळ्यात जास्त भांडल्या त्या चिटणीसबाई.

"तू सांगितलं नाहीस, हे मी मानतो," मास्तर म्हणाले. "पण मग तिला कळलं कसं?"

"चूक माझीच. तू मागायच्या आत मी पाकीट उघड्यावर काढून ठेवलं. तिने पाहिलं."

"एवढीशी वस्तू रे. माझ्या बायकोला अजून वाटतं ते शर्टाचं बटण आहे. या बाईने ती बघताक्षणी ओळखली कशी?"

उत्तर काकांच्या अगदी जिभेवर होतं. एका शब्दात त्यांच्यावरचा उरलासुरला संशय धुऊन गेला असता. त्यांनी हात मागे बांधले आणि कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर एक चक्र संथपणे फिरत होतं.

"थांब जरा," काका म्हणाले. "हल्ली आमच्याकडे सगळंच हळू झालंय. तू आधी सांग, तुला काय देऊ?"