कॉफीगिरणी

ऑर्व्हेल गॅस्किलला आयडेलाच्या दुकानात पाय ठेवायचा नव्हता. पण अमेरिकेतल्या हॅटरस बेटावर त्या दिवशी गळ-रिळांचं तेवढं एकच दुकान उघडं होतं, आणि दुपारच्या भरतीला मासेमारीच्या स्पर्धेसाठी संघाची निवड होती. ऑर्व्हेल संघाचा कप्तान होता, पण निवडीत कप्तानालाही सगळ्यांबरोबर गळ फेकून दाखवावा लागे, आणि रिळाचा गुंता झाला की माणूस बाद. बेटाच्या टोकावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. गुंत्याने गळाचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, तुटला, तर त्याला बांधलेला शिशाचा गोळा कुणाच्या डोक्यात जाईल याचा नेम नाही. काल सरावात ऑर्व्हेलचा दोनदा गुंता झाला होता. दोष रिळाचा, असं त्याने स्वतःला बजावून ठेवलं होतं. रांगेतली ती जागा गेली, तर त्याच्यापाशी मिरवण्यासारखं दुसरं काही उरणार नव्हतं.

आयडेलाने त्याला पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली. चार वर्षांपूर्वी याच माणसाने तिच्या नवऱ्याला संघातून हाकललं होतं. मर्विनचे हात थरथरायला लागले, म्हणून त्याने कॉफीगिरणी वापरायची परवानगी मागितली होती. गिरणी म्हणजे ते बाजूला दांडा असलेलं रीळ. त्याची फिरकी जागची हलत नाही, तंगूस आपसूक सुटत जातो. सगळं जग तेच वापरतं, पण ऑर्व्हेलच्या लेखी ते खेळणं होतं. खरा गडी गरगरत्या फिरकीवर अंगठा टेकून फेकतो, गिरणीवाल्याला माझ्या संघात जागा नाही, असं त्याने चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून मर्विन दुकानामागच्या खोलीत टीव्हीपुढे बसून असे, समुद्राचं नाव काढत नसे.

ऑर्व्हेलने फिरत्या फिरकीचं, सगळ्यांत मोकळं रीळ मागितलं. आयडेलाने एकाऐवजी तीन काढली. पहिल्याला ब्रेकच नव्हता. फेक सगळ्यांत लांब जाईल, पण अंगठा क्षणभर चुकला की संपलं. दुसऱ्याला चुंबकाचा ब्रेक होता. फेक थोडी आखूड, पण छोटी चूक ते पोटात घालतं, मोठी नाही. तिसरी गिरणी. ती तिने मुद्दाम त्याच्या नाकासमोर ठेवली.

त्याने पहिलं उचललं. तिने तंगुसाचं टोक हातात धरलं.

"काल दोनदा गुंता झाला म्हणे. फिरकीवर अंगठा हलका टेकव आणि रस्त्याकडे बघ. फिरकी फिरायला लागली की सांग."

"मला शिकवतेस?"

"घाबरलास?"

ऑर्व्हेलने अंगठा टेकवला आणि बाहेर बघत राहिला. वाळूने माखलेली एक गाडी टोकाकडे गेली, तिच्यामागे दुसरी गेली. बाई उगाच आपला वेळ खाते आहे, असं त्याला वाटलं.

"ओढ की," तो खेकसला.

"केव्हाची ओढते आहे."

त्याने खाली पाहिलं. त्याच्या बुटांवर तंगुसाचा ढीग पडला होता.

साखरेच्या दुखण्याने अंगठा बधिर होतो आहे, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्याने ते बायकोलाही कळू दिलं नव्हतं, आणि आता ते नेमकं या बाईला कळलं होतं.

"हे मी तुला विकणार नाही," आयडेला म्हणाली. "दया येते म्हणून नव्हे. तुझी फजिती झाली तर मी पेढे वाटीन. पण तुझ्या शेजारी कुणाचा तरी नवरा उभा असतो." तिने गिरणी पुढे सरकवली. "तुझ्या हाताला आता हेच. नियम आड येतो ना? मग मोड. मर्विनसाठी नाही मोडलास, स्वतःसाठी मोड."

ती गिरणी तिच्या तोंडावर फेकून निघून जावं, असं त्याला फार वाटलं. त्याने ती विकत घेतली.

टोकावर ईशान्येचा वारा सुटला होता. संघातले पाचजण बोई माशाचे तुकडे आमिष म्हणून गळाला लावत होते. ऑर्व्हेलच्या गळाच्या काठीवर गिरणी दिसताच सगळ्यांचे हात थांबले. आजपासून तो नियम रद्द, कुणाला काही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, असं त्याने दरडावून सांगितलं. भांडायच्या तयारीनेच तो आला होता. पण ड्यूई, संघातला सगळ्यांत जुना गडी, गाडीकडे गेला आणि ताडपत्रीखालून दुसरी काठी घेऊन आला. तिच्यावर गिरणी होती, खाऱ्या पाण्याने रंग उडालेली. मग आणखी दोघे आपापल्या गाड्यांकडे वळले.

"हे कधीपासून?" ऑर्व्हेलने विचारलं.

"वर्षं झाली, कप्तान. तुम्ही नसलात की आम्ही हीच काढतो. तुमच्या तोंडी कोण लागणार?" ड्यूई वाळूकडे बघत म्हणाला. "एकट्या मर्विननं तेवढं विचारलं."

ऑर्व्हेलची पाळी आली. फेक वाऱ्यावर सरळ सुटली आणि बाहेरच्या वाळूच्या दांड्यापलीकडे जाऊन पडली. पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. संघातली जागा टिकली. त्या पाचांचा इतका तिटकारा त्याला आजवर कधी आला नव्हता, आणि त्यांना एक शब्द सुनावायला त्याला तोंड उरलं नव्हतं.