सरळ केलेली घरं

माणसांशी कसं वागावं हे शिकवणारी माणसं माझ्याइतकी जवळून कुणी पाहिली नसतील. आठ वर्षं मी त्यांच्या खोल्या झाडते, टेबलावरचा डिंक खरवडते, पोरांची नाकं पुसते. म्हणून सांगते, डोंबलाचं शिकवतात!

खाली औषधाचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दारावर पाटी: स्वमग्न मुलांसाठी खेळ आणि हस्तकला वर्ग. आत सहा खुर्च्या गोल मांडायच्या, ते काम माझं. मग खेळवाल्या मॅडम येणार, मांडीवर कागद घेऊन बसणार. चेंडू ज्याच्या हातात, त्यानं समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि चेंडू सोडायचा. बघितलं की कागदावर एक खूण. नाही बघितलं की फुली. आणि बाईसाहेब स्वतः? मान कागदात ती कागदातच. दोन वर्षांत माझ्याकडे बघून एक वाक्य बोललेल्या मला आठवत नाहीत. तो कागद माझ्या हातात असता तर बाई पहिल्याच दिवशी नापास.

हस्तकलेला सहा पोरं आणि डिंकाची बाटली एकच. चिक्कूपणा नव्हे बरं का, पद्धत आहे! शेजाऱ्याकडे मागितल्याशिवाय डिंक मिळायचा नाही, म्हणजे पोरं एकमेकांशी बोलतील. हे मात्र मला पटायचं. खोटं कशाला बोलू?

यंदा एक मोठा कागद भिंतीला लावला होता, नाव 'आपली गल्ली'. प्रत्येकानं एक घर कापायचं, रंगवायचं आणि गल्लीत चिकटवायचं. आमच्यात एक पोरगा आहे, दिवसभर घुर्रर्र करतो, त्याला मी इंजिन म्हणते. त्यानं आपलं घर उलटं लावलं, छप्पर खाली, दार वर. आणि एक सात वर्षांची पोरगी, तिला मी मुंगी म्हणते, कारण दिसेल ती वस्तू रांगेत लावते. बोलणं नावाला. डोळ्यांत तर बघायचीच नाही, सगळ्यांच्या हातांकडे बघत बसायची. कागदावर तिच्या नावापुढे फुल्याच फुल्या. तिनं आपलं घर गल्लीच्या पार टोकाला लावलं, अर्धं कागदाच्या बाहेर लोंबणारं.

पोरं गेली की मॅडम म्हणायच्या, "मावशी, जरा नीट करून ठेवा हं. पालकांना फोटो पाठवायचाय."

मी करायची. ओलं आहे तोवर हलक्या हातानं घर सोडवायचं, ओळीत लावायचं, रंग राहिला असेल तिथं भरायचा. इंजिनचं घर सुलटं केलं. मुंगीचं आत ओढलं. फोटो काय सुंदर यायचा! पालक खूश, मॅडम खूश, केंद्र चालवणाऱ्या मोठ्या मॅडम तर हवेत. माझ्या हाताला वळण आहे, असं मीही मनात म्हणून घ्यायची.

पुढच्या वर्गाला मुंगी आली, भिंतीपुढे उभी राहिली आणि तिनं आपलं घर टरकन ओढून काढलं. मॅडमनी लाल शाईनं काहीतरी लिहिलं. मी ते घर परत लावलं, ओळीत. त्याच्या पुढच्या वर्गाला तिनं आपलं काढलं आणि इंजिनचंही काढलं. तिसऱ्यांदा चार घरं. मॅडमनी तिला धरून खुर्चीत बसवलं, तर तिनं असा टाहो फोडला की खालचा दुकानदार वर आला. मीही चिडले होते. एवढं निगुतीनं लावावं आणि या कार्टीनं फाडावं! कागदावर निकाल लागला: 'तोडफोड करते, गटासाठी तयार नाही.'

आता यातल्या शेवटच्या तीन शब्दांची किंमत ऐका. मुंगीला शाळेत घालायचं होतं. तीन शाळांनी तिच्या आईला दारातूनच वाटेला लावलं होतं. चौथी म्हणाली, घेतो, पण पोरगी गटात बसू शकते असं केंद्राकडून लिहून आणा, शनिवारपर्यंत. आई बिचारी शिलाईच्या कारखान्यात. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली, तर मोठ्या मॅडमनी तिला आतल्या खोलीत बसवलं, खेळवाल्या मॅडमनाही बोलावलं आणि सुरुवात केली, "आम्हालाही वाईट वाटतं, पण खोटं कसं लिहिणार?"

खोटं कसं लिहिणार! अहाहा!

मी बाहेर मुंगीला सांभाळत होते. इंजिनचा बाप यायला उशीर झाला होता, म्हणून तोही होता. मधल्या दाराची फट उघडीच होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. मुंगीची आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ती घरी काही तोडत नाही हो."

तेवढ्यात मी कचऱ्याच्या डब्यात टाकलेली ती चार घरं मुंगीनं बाहेर काढली. ओरडणार होते, पण म्हटलं, बघू तरी काय करते. तिनं इंजिनचं घर भिंतीवरच्या कागदाला लावलं. उलटं. छप्पर खाली. तिथं जुन्या डिंकाचा पिवळा डाग होता, बरोबर त्या डागावर. मग मागे न बघता तिनं हात पसरला. इंजिननं डिंकाची बाटली तिच्या हातावर ठेवली आणि घुर्रर्र करत तिला चिकटून उभा राहिला. मग दुसऱ्या पोराचं घर. तेही त्याच्याच डागावर, त्यानं लावलं होतं तसंच तिरकं. मग तिसरं.

पोरगी तोडत नव्हती. मी हलवलेलं जागेवर नेत होती. कुणी काय, कुठे, किती वाकडं लावलं, हे तिला पाठ होतं. दुसऱ्याचं काम एवढ्या मनापासून त्या खोलीत कुणी बघितलं होतं? मॅडमनी? मी?

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण आत ती बाई रडायला लागली, आणि मी दार ढकललं.

"घरं तिनं बिघडवली नाहीत. मी बिघडवली. सात महिने मीच पोरांची कामं उपसून सरळ करतेय. या बाई सांगतात, मी करते. या, बाहेर येऊन बघा."

खेळवाल्या मॅडम लाल झाल्या. "मावशी, हे तुमचं काम नाही!"

"तेच म्हणतेय मी. घरं लावणं माझं काम नव्हतंच, पोरांचं होतं."

सगळे बाहेर आले. मुंगी शेवटचं घर लावत होती, आपलं, पार टोकाला, अर्धं बाहेर लोंबणारं. मोठ्या मॅडमनी ते बघितलं, डिंकाचे डाग बघितले आणि मग मुंगीच्या आईचा चेहरा बघितला. ही बाई बाकीच्या पालकांना काय काय सांगेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात मला दिसला. आवाजात लगेच साखर! दोन मिनिटांत नवा कागद तयार: 'इतर मुलांच्या कामाची उत्तम जाण आहे, गटात बसण्यास योग्य.' सात महिने जे डोळ्यांना दिसलं नाही ते सहीला बरोबर दिसलं. वर खेळवाल्या मॅडमना म्हणतात कशा, "पुढच्या वर्षी आपण एकमेकांची घरं ओळखून लावायची, हाच उपक्रम म्हणून घेऊ या का?" लाज म्हणून काही असते की नाही!

पण कागद मिळाला. शाळा मिळाली. मी फुगले होते, कशाला नाही म्हणू? जिन्यापर्यंत मायलेकींना सोडायला गेले. वाटलं, आता ही बाई हात धरेल, मावशी तुमचे उपकार म्हणेल.

तिनं कागदाची घडी पिशवीत ठेवली आणि विचारलं, "मावशी, मागच्या महिन्यात घरी कागदाची फुलं दिली होती. तीही तुम्हीच केली होती?"

"देठ तिनं कापले होते," मी म्हणाले. "बाकी... हो, मीच."

"किती कौतुकानं लावली होती मी. दारासमोर. आल्या-गेल्याला दाखवत होते, माझ्या लेकीनं केली म्हणून." ती माझ्याकडे बघत होती, थेट डोळ्यांत. "दुसऱ्या दिवशी तिनं ती फाडली. आत खोटं सांगितलं मी, घरी तोडत नाही म्हणून. फाडली तिनं. आणि मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला मी तिच्यावर."

मुंगी खालच्या पायरीवर उभी राहून आईच्या बोटांकडे बघत होती.

"आता तिला कसं समजावून सांगू?" आई म्हणाली. "सांगा ना. एवढं सगळं कळतं तुम्हाला."

मुंगी आता माझ्या हातांकडे बघत होती, मी ते पाठीमागे नेले.