मोहताज

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याला फुकट जेवणाचं केंद्र निघालं आणि तहसीलच्या साहेबांनी गावात एक इंग्रजी शब्द सोडून दिला: डेस्टिट्यूट. जो डेस्टिट्यूट त्यालाच भाकरी, बाकीच्यांनी खडी फोडायची. मोमीन आळीला हा शब्द उर्दूत समजावण्याचं लोढणं उर्दू शाळेच्या अमीन मास्तरांच्या गळ्यात पडलं.

मास्तर मशिदीच्या ओट्यावर बसले. मुफलिस म्हणावं तर ते शायरीत शोभतं, फकीर म्हणावं तर लोक अंगावर येतील. शेवटी म्हणाले, "गरीब तो अपन सब हैं. डेस्टिट्यूट याने मोहताज. कमानेवाला कोई नहीं, हाथपांव चलते नहीं, घर में दाना नहीं." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. स्वतःकडे कुणी बोट दाखवेल तर शपथ.

मास्तरांचा जीव जुलेखाबीत अडकला होता. नवरा गेलेला, माग बंद पडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. खडीवर गेली तर मुकादमानं परत धाडली. आता शेजारीपाजारी देतील तेव्हाच तिची चूल पेटायची. मास्तरांनी तिला बजावलं, "साहब घर देखने आयेंगे. जैसा है वैसा रहने दो."

"हौ," म्हातारी म्हणाली.

मंगळवारी साहेबांना घेऊन मास्तर तिच्या दारात आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. अंगण सारवलेलं, बाजेवर लग्नातली चादर, म्हातारीच्या डोक्यावर धुतलेली पांढरी ओढणी. शेजारच्या राहीबाईकडून साखर-दूध मागून आणून चहा उकळत ठेवलेला. पाहुणा कोरड्या तोंडानं गेला तर घराचं नाक गेलं, एवढंच तिला आयुष्यभर ठाऊक.

साहेबांनी चहा बशीत ओतला आणि घर न्याहाळलं. "साखर तर आमच्याकडंसुद्धा मिळंना."

"साहेब, हे सगळं उसनं आहे," मास्तर घाईनं म्हणाले.

साहेबांनी सरळ तिलाच विचारलं, "आजी, घरात खायला हाय का न्हाई?"

दारात शेजारणी जमल्या होत्या. जुलेखाबीनं ओढणी सारखी केली. "अल्ला का शुकर है, साब. चाय और लेव."

साहेब उठले. बाहेर येऊन मास्तरांना म्हणाले, "ही काय त्यात बसत नाही," आणि पुढच्या गल्लीत निघून गेले.

मास्तर तणतणत आत आले. असा संताप त्यांना मठ्ठ पोरांचाही कधी आला नव्हता. "इत्ता समझाया मैं! एक लफ्ज बोलना था!"

"मेहमान के मुंह पे?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "मैं भूक का रोना लेके बैठती, तो उनों चाय कैसा पीते?"

मग उरलेला चहा तिनं मास्तरांपुढं सरकवला. "गुस्सा नको करो. इत्ते बडे साब हैं, देखके समझ गये होंगे. कल से रोटी लेने मैं आऊं, या कोई लाके देंगा?"