कोंबडीखालून ओढलेलं तबक

श्रावणभाऊंच्या घरच्या चांदीच्या तबकाची गोष्ट आमच्या गावात लहान पोरांनाही पाठ आहे. दर पंधरा ऑगस्टला ते तबक शाळेच्या ओट्यावर झेंड्याशेजारी मांडतात, त्याला झेंडूचा हार घालतात आणि श्रावणभाऊ सांगायला उभे राहतात. सन तीसचा जंगल सत्याग्रह. इंग्रज साहेबाचा तंबू. साहेब जेवायला बसलेला, आणि भाऊंचे आजोबा गुलाबराव मालगुजार थेट तंबूत शिरून त्याच्या पुढ्यातलं तबक ओढून घेतात. मी शाळेत होते तेव्हा गोष्टीतलं तबक रिकामं असायचं. पुढे त्यावर भाजलेली कोंबडी आली. हल्ली साहेबाच्या हातात पिस्तूलही असतं.

यंदा बसथांब्याजवळच्या चौकाला नाव द्यायचं ठरलं. दोन नावं आली. एक गुलाबरावांचं, दुसरं इसरू मडावींचं. त्याच सत्याग्रहात इसरूबाबांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि ते तुरुंगात गेले, असं त्यांची नात बायनाबाई सांगते. सरपंच रीताताईंनी दोघांकडे पुरावा मागितला.

"माह्या आज्यानं गवत कापलं," बायनाबाई म्हणाली. "गवत का कपाटात ठेवू?"

श्रावणभाऊंकडे कपाट होतं. ते तबक टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आले. मी नागभीडला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, आणि गावात तपासणारं दुसरं कोणी नव्हतं.

"मॅडम, तुम्ही फक्त सांगा, चांदी हाये अन् जुनी हाये."

"किती जुनी ते पाहावं लागेल."

"पाहा ना! मागच्या बाजूनं विक्टोरिया राणी बसली हाये. तिच्याहून जुनं अजून काय पायजे?"

मी प्रयोगशाळेतला ताणकाटा आणला. तबक आधी हवेत तोललं, मग दोरीने बांधून बादलीभर पाण्यात बुडवून तोललं. दोन वजनांतल्या फरकावरून धातूची घनता निघते. श्रावणभाऊंना पाण्यात बुडवणं आवडलं नाही; स्वातंत्र्याचं प्रतीक बादलीत, असं काहीतरी ते पुटपुटले. घनता इंग्रजी चांदीला शोभेल अशीच आली.

"चांदीच आहे," मी म्हणाले. त्यापुढे दारात जमलेल्या कोणीच माझं ऐकलं नाही. पेढे आले.

पेढे संपल्यावर मी भिंगातून मागचे ठसे पाहिले. इंग्रजी चांदीवर असे ठसे एका ओळीत ठोकलेले असतात : बनवणाऱ्याची अक्षरं, शुद्धतेसाठी चालता सिंह, लंडनसाठी बिबट्याचं तोंड, आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. या ओळीत शेवटी एका बाईचं तोंडही होतं. व्हिक्टोरियाचं तोंड कर भरल्याची खूण म्हणून ठोकत. ते डावीकडे पाहतं आणि १८९० नंतर ते ठोकणं बंद झालं. ही बाई मुकुट घालून उजवीकडे पाहत होती. ही एलिझाबेथ. तिच्या राज्याभिषेकाच्या सुमारास दोन-तीन वर्षंच हा ठसा चालला. वर्षाचं अक्षर लंडनच्या ठशांच्या छापील तक्त्याशी जुळवलं तर १९५३ निघालं.

मी हे श्रावणभाऊंना एकट्याला सांगितलं.

"मंग बेचाळीस करा," ते लगेच म्हणाले. "चिमूरचं आंदोलन झालंच होतं ना तवा."

"भाऊ, साल मी करत नाही. ते लंडनच्या माणसाने ठोकलंय."

"पण त्रेपन्नमंदी तर..." ते थांबले. त्यांना वजाबाकी करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करायचा हक्क, एक्कावन्नला संपली आणि मालगुजारांना तिची भरपाई मिळाली. पुढची काही वर्षं नागपूरचे उरलेसुरले साहेब सामान विकून मायदेशी जात होते. बाकीचा माझा अंदाज आहे, आणि अंदाजाला मी निष्कर्ष म्हणत नाही.

"मॅडम, तुम्ही बी याच गावच्या," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "चौक आपलाच हाये ना?"

"सभेत विचारलं तर आहे तेच सांगेन."

सभा समाजमंदिरात भरली. रीताताईंनी विचारलं, मी सांगितलं : चांदी खरी, तबक १९५३ चं. मग श्रावणभाऊ उठले. आवाज पंधरा ऑगस्टचाच होता.

"मॅडम बराबर हायेत! इंग्रज गेला सत्तेचाळीसले. पण आपल्या जंगलात बातमी कुठी पोचली होती? दादाजीले कोण सांगनार? ते लढूनच राह्यले होते!"

काही माना डोलल्या. एक निवृत्त तलाठी तर म्हणाले, तेव्हा रस्ता खरंच फार खराब होता.

रीताताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, त्रेपन्नमंदी इथी इंग्रज होता का?"

"नाही."

"होता ना वो," बायनाबाई मागून श्रावणभाऊंकडे बोट दाखवत म्हणाली. "यायच्या घरात होता. माहा बाप अंगणात आला का त्याले चप्पल हातात घ्याले लावत होता."

हसू आधी बायांच्या बाजूने फुटलं, मग सगळीकडे पसरलं. तलाठी मात्र चष्मा पुसत राहिले. रीताताईंनी हसू ओसरायची वाट न पाहता इसरूबाबांच्या नावासाठी हात वर करायला सांगितलं, आणि मंदिरभर हात वर झाले.

मोजणी सुरू व्हायच्या आत श्रावणभाऊंचाही हात वर होता. ते सतरंज्या ओलांडत मागे गेले, बायनाबाईशेजारी उभे राहिले आणि सभेला आलेल्या पेपरच्या वार्ताहराच्या मोबाईलकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "इसरूबाबा म्हंजे आमच्या घरचेच! दादाजीच त्यायले सत्याग्रहाले घेऊन गेले होते!"

"मंग तुरुंगात एकट्यालेच काऊन धाडलं?" बायनाबाईने विचारलं.

पण तोवर फोटो निघाला होता.